डेव्हिडचं पाकीट

माझ्या आताच्या, तोयोसुच्या घरात रद्दीचा गठ्ठा बांधताना जुन्या कागदांचा वास आला आणि मी पुन्हा सेंदाईच्या पूर्वीच्या लॅबमध्ये पोचलो. भूकंपात तडा गेलेल्या भिंतीपाशी मी आणि अमेरिकन डेव्हिड शेजारी बसायचो. पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडणाऱ्या प्रायमरी मतदानासाठी त्याने आपलं मत पाकिटात घालून माझ्या हाती दिलं, "जाता जाता पोस्टात टाक." मी ते टेबलावरच विसरलो. दुसऱ्या दिवशी रद्दी बांधायची पाळी माझी. पाकीटही त्यातच बांधलं गेल्याचं लक्षात आलं, तोवर गाडी गठ्ठे घेऊन गेली होती.

त्याच्या राज्याचा निकाल आम्ही जेवताना बघितला. त्याचा उमेदवार थोडक्यात हरला. "असू दे," तो म्हणाला, "मी माझं मत दिलं ना!" मी मान डोलावली.

तेव्हा स्वतःला समजावलं होतं, एका मताने काय होतंय? आणि आता हा गठ्ठा तिसऱ्यांदा सोडून बघतोय.