दाभणाचे टाके

मुलीच्या कंपनीचं गोदाम पाहायला गेलो, तेव्हा तिनं मला खोक्यावर चिकटवलेली एक पट्टी दाखवली. आत बारीकशी चिप. खोकं दारातून आत आलं की रेडिओच्या लहरींवरून यंत्राला कळतं, माल कोणाचा, कुठं चाललाय. "बाबा, आता काही हरवत नाही," ती कौतुकानं म्हणाली. मला मात्र आमच्या गोदामातल्या मावशी आठवल्या.

सत्तरच्या दशकात मी नागपुरात एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बुकिंग क्लार्क होतो. गठ्ठ्यांची तोंडं शिवणं आणि त्यांवर काळ्या रंगानं खुणा काढणं हे मावशींचं काम. त्यांना अक्षरं येत नव्हती. कोणा व्यापाऱ्याचा चंद्र, कोणाचे तीन ठिपके, कोणाचा मासा. हमालही त्या खुणांवरूनच माल लावत.

मी नवा होतो, शिकलेला होतो. मालकांना पटवून छापील लेबलं आणली. मावशींचा ब्रश बंद झाला, नुसतं दाभणानं शिवणं उरलं.

पहिल्याच आठवड्यात जवळच्या खापा गावातल्या विणकरांचं कापड आलं. चाळीसेक गठ्ठे, सगळे एकसारख्या तरटातले. काही रायपूरला, काही अमरावतीला जायचे. मी गाव पुकारत प्रत्येकात चिठ्ठी टाकत होतो, मावशी तोंडं शिवत होत्या. मी मैद्याची खळ करून लेबलं डकवली, गठ्ठे अंगणात उन्हात ठेवले आणि फाटक उघडंच टाकून जेवायला गेलो.

परत आलो तर चार मोकाट गाई मन लावून लेबलं चाटत होत्या. एकाही गठ्ठ्यावर नाव शिल्लक नव्हतं. रायपूरचा ट्रक दारात उभा. मी मटकन खालीच बसलो.

"काहून बसले गा बाबू?" मावशींनी विचारलं. मी गाईंकडे बोट दाखवलं. त्या तोंडाला पदर लावून हसल्या, मग गठ्ठ्यांच्या तोंडांवरून बोटं फिरवत निघाल्या.

"हे रायपूरचं. हे बी. हे अमरावतीचं."

"कशावरून?"

"टाके पाहा ना. दोन लांब, एक आडवा, म्हंजे रायपूर. ब्रश तुमी घेतला, दाभण तं माह्याजवळच होता."

"पण अशी खूण करायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कोनी नाही. माल हरवला तं लोकं पहिले माह्यंच नाव घेतात."

माझा विश्वास बसेना. तीन गठ्ठे उसवून आतल्या चिठ्ठ्या पाहिल्या. तिन्ही बरोबर. एका गठ्ठ्यापाशी मात्र त्या थांबल्या. "हे मी नाही शिवलं. हे उघडूनच पाहा." तोही उघडला, आणि ट्रक वेळेवर सुटला.

संध्याकाळी मी मालकांना सगळं खरं सांगितलं. ते माझ्यावर ओरडले, मग त्यांनाही हसू आलं. दुसऱ्या दिवशी ब्रश परत आला. लेबलं बंद करा असं मीच म्हणालो, तर मावशी म्हणाल्या, "राहू द्या. कागद वाचनाऱ्याले कागद, खून वाचनाऱ्याले खून. फक्त गोंद आना, मैदा नको."

मग मी त्यांच्याकडून टाके शिकायला बसलो. पहिला गठ्ठा शिवला. उचलताच त्याचं तोंड उसवलं. मावशींनी सुतळी ओढून काढली आणि दाभण पुन्हा माझ्या हातात दिला.

"हात चांगला हाये बाबू तुमचा," त्या म्हणाल्या, "पन कागदासाठी."