फ्लेक्सवर मामा दोनदा

माझ्या मुलीच्या लग्नाच्या फ्लेक्सवर तिचा मामा दोनदा आहे आणि बाप एकदाही नाही. लोक आजवर 'छपाईवाल्याची चूक' म्हणत आले आणि मी गुमान मान डोलावत आलो. पण फ्लेक्स मीच केला होता.

पाथरीत माझा फोटो स्टुडिओ आहे. आमच्याकडं लग्नापेक्षा फ्लेक्स नाजूक. कोण वरच्या ओळीत, कोण खालच्या, यावरून भावकी फुटते. म्हणून मी कुणाचाच फोटो पुसत नाही, मास्क लावतो. मास्क म्हणजे पडदाच. त्यावर काळा ब्रश फिरवला की माणूस झाकतो, पांढरा फिरवला की परत येतो. (रुसलेला माणूस परत येतोच, हे धंद्यात शिकलो.)

मुलीचे मामा, म्हणजे माझे मेव्हणे उत्तमराव, बोरीचे. फ्लेक्सचा नमुना मोबाइलवर बघून त्यांचा फोन आला.

"दाजी, खालच्या ओळीत टाकलं व्हय मला? काढूनच टाका. मी येत न्हाई लग्नाला."

"अवो, पोरीला मंडपात कोण आणील मग?"

"वरच्या ओळीतले आणतील की."

मलाही राग आला. काळा ब्रश घेतला आणि त्यांना झाकलं. त्या दिवशी बायको जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनंच भावाची समजूत काढली आणि मला म्हणाली, "दादा निघालाय. वरच्या ओळीत दिसला पाहिजे. न्हाई तर पोरीला तुमीच आणा मंडपात, मामा म्हणून."

उत्तमराव थेट स्टुडिओत आले आणि माझ्या खुर्चीमागं उभे राहिले.

"मी कुठंय?"

"हायत की. झाकलंय फक्त."

"झाकलंय? मी काय दुधाचं पातेलं हाय?"

त्यांना वरच्या ओळीत सरकवलं, स्क्रीनवर मोठं केलं आणि पांढरा ब्रश फिरवायला लागलो. आधी मिशी आली. मग एक कान.

"दुसरा कान?"

"यायलाय."

तेवढ्यात छपाईवाल्याचा फोन. "काका, मशीन बंद करायलोय. पाठवता का?"

"दाजी, सगळे पडदे एकदम काढा की!"

काढले. दुसरा कान आला. स्क्रीनवर तेवढंच तोंड दिसत होतं, बाकीचा फ्लेक्स नाही. फाइल पाठवली.

आता खरी गोष्ट. फ्लेक्सवर मी माझ्या टकलावर केस लावले होते. ते उत्तमरावांचे होते. त्यांच्याच फोटोची नक्कल माझ्या फोटोवर ठेवून, केस सोडून बाकीचे उत्तमराव मास्कनं झाकले होते. (विचारलं नव्हतं.) सगळे पडदे निघाले, तसे केसांखालचे उत्तमरावही बाहेर आले.

लग्नाच्या सकाळी मंडपासमोर फ्लेक्स चढला. वर उत्तमराव, मधोमध बायकोशेजारी पुन्हा उत्तमराव, आणि त्यांच्याखाली लिहिलेलं 'वधूपिता'.

"अहो, तुमी कुठंय?" बायकोनं विचारलं.

"खाली."

"कशाखाली?"

"तुझ्या भावाखाली."

उत्तमरावांनी फ्लेक्स बघितला. मग डोळे पुसत म्हणाले, "दाजी, लय मोठा मान दिलात." आता चूक झाली असं कुठल्या तोंडानं सांगणार? माझं तोंड तर त्यांच्याखालीच होतं.

व्याहीभेटीला राणीसावरगावहून नवऱ्या मुलाचे थोरले चुलते आले. सुपारीला ते नव्हते, त्यामुळं मला ओळखत नव्हते. त्यांनी फ्लेक्सकडं एक नजर टाकली, हार उत्तमरावांच्या गळ्यात घातला आणि कडकडून मिठी मारली. मग माझ्याकडं वळले.

"पाहुणे, जरा सरका. मुलीच्या वडलांसंग फोटो काढायचाय. तुमाला येतो का काढता?"

काढला. उत्तमरावांचे केस त्यात इतके छान आलेत, की पुढच्या फ्लेक्सला पुन्हा उपयोगी पडतील.