बघणाऱ्याला हात कशाला

ती कामाला लागली त्या दिवशी डिस्पॅचचा क्लार्क कॅन्टीनमध्ये म्हणाला, "कंप्युटर सेक्शनला आता दोन बायका. झुंज बघायला तिकीट लावा." सगळे हसले. मी त्याला तिथंच चार शब्द सुनावले आणि जागेवर येऊन बसले. बसल्यावर कळलं की आपण अडकलो. तिच्याबद्दलचा हेवा माझ्या मनात सकाळपासूनच होता. आता तो कुणाला दिसू दिला असता, तर तो माणूस खरा ठरला असता.

आमची फाउंड्री कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीत आहे. भट्टीचं तापमान, वाळूचे रिपोर्ट, वजनकाट्यावरचे ट्रक, बिलं, गेटपास, सगळं एका सर्व्हरवर चालतं. तो पॅटर्नशॉपमागच्या, म्हणजे साच्यांचे लाकडी नमुने बनवतात त्या शेडमागच्या, काचेच्या खोलीत असतो आणि त्या काचेवर रोज सकाळी काळी धूळ बसलेली असते. तो सांभाळणारे आमचे सर दुसऱ्या कारखान्यात जाणार होते. जाताना रूटचा ताबा ते कुणाच्या तरी हाती देणार होते. रूट म्हणजे सर्व्हरवरचं सर्वाधिकारी खातं. त्याला कुठलंच दार बंद नसतं.

खरं तर रूटचा पासवर्ड निम्म्या कारखान्याला पाठ होता. वजनकाट्यावरच्या मामांना, स्टोअरला, बिलिंगच्या पोरांना. काही अडलं की जो तो आत शिरायचा आणि करायचं ते करून बाहेर यायचा. कुणी हटकलं तर उत्तर ठरलेलं: आपलीच माणसं हायत की. मी याविरुद्ध सतत बोलत होते. शेवटी सर म्हणाले, जायच्या आधी पासवर्ड बदलतो आणि एकाच माणसाला देतो. तो माणूस मी असणार यात मला शंका नव्हती.

मग ही आली. कबनूरची, घरचे यंत्रमाग, वयानं माझ्यापेक्षा लहान. आवाज इतका बारीक की कोल्हापूरची वाटूच नये. सरांनी पहिल्याच दिवशी तिला काचेच्या खोलीत नेलं आणि बराच वेळ दोघं स्क्रीनपुढं उभी राहिली. मला त्या खोलीत उभं राहायला पहिलं वर्ष घालवावं लागलं होतं.

त्या दिवसांत सर्व्हर दुपार झाली की मंद व्हायचा. गेटबाहेर ट्रकांची रांग लागायची, भट्टीचं तापमान नोंदवणारा प्रोग्रॅम मधेच मुका व्हायचा आणि मामांचा फोन यायचा, "म्याडम, पुन्हा झोपला बघा." मी सर्व्हर बंद करून चालू करायची. हे माझ्याइतकं झटपट कुणाला जमत नव्हतं, आणि त्याचं मला कौतुक होतं. कारणही माझ्या मते मला ठाऊक होतं. मालकांचा पुतण्या जेवताना केबिनमध्ये बसून कारखान्याचे सगळे कॅमेरे एकदम लावून बघतो. कामगारांवर नजर ठेवण्यापायी कामगारांचंच काम अडतं, असं मी कॅन्टीनमध्ये जाहीर बोलले होते. सरांना मोठा मेलही लिहिला होता, मथळ्यासकट.

मथळा देण्याची सवय घरची. बाबा एका छोट्या छापखान्यात कंपोझिटर होते आणि उरलेला वेळ चळवळीत. धरणग्रस्त, मोलकरणी, साखर कामगार, ज्याचा मोर्चा असेल त्याची पत्रकं आमच्या घरात घडी घालायला यायची. मी मुळाक्षरं त्यांच्यावरच शिकले. बिंदू चौकात पत्रकं वाटताना समोरचा माणूस ते न वाचता खिशात घालतोय की वाचतोय, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ओळखता येतं. 'सत्ता एका हाती नको' या वाक्याची मी इतक्या वेळा घडी घातली आहे की ती कुठं पडायची तेसुद्धा आठवतं.

नवी मुलगी अंदाज बांधत बसली नाही. रोज दुपारी ती सर्व्हरवर चालू असलेल्या प्रोसेसची यादी उघडायची, म्हणजे त्या क्षणी कोणतं काम किती मेमरी खातंय ते. आणि नुसती बघत राहायची. मी सर्व्हरवरच्या भाराचा आलेख बघायची. आलेख वर चढला की माझा हात बंद करण्याच्या बटणाकडे जायचा. ती म्हणायची, थांबा की ताई थोडं. त्या 'थांबा'चा मला राग यायचा.

एका दुपारी ती उठून वजनकाट्यावर गेली आणि मामांच्या शेजारी स्टुलावर जाऊन बसली. परत आल्यावर तिनं सांगितलं ते असं. वजनाचा प्रोग्रॅम जरा अडकला की मामा खिडकीवरची फुली दाबून तो बंद करतात आणि नवा उघडतात. खिडकी जाते, पण मागं सर्व्हरवर जुनं काम तसंच जिवंत राहतं. दुपारी ट्रक वाढले की असे जिवंत मुडदे साठत जातात. आणि सगळं रूटच्या नावानं चालत असल्यामुळं त्यांना अडवणारं कुणीच नसतं. ते भट्टीच्या प्रोग्रॅमच्या वाटणीचंही खाऊन टाकतात.

पुतण्याचा यात काही संबंध नव्हता.

"ताई, सरांना तुमीच सांगा," ती म्हणाली. "मी नवीन हाय. मी सांगितलं तर बरं दिसणार न्हाय."

याच्यापेक्षा तिनं माझ्या पाठीमागे जाऊन सांगितलं असतं तर परवडलं असतं. माझी फजिती तिनं स्वतःच्या हातांनी झाकली, आणि झाकताना तिच्या चेहऱ्यावर उपकाराचा भावसुद्धा नव्हता. मी सरांना गाठलं आणि शोध तिचा आहे, माझा अंदाज चुकीचा होता, असं स्पष्ट सांगितलं. हे मी मोठेपणानं केलं असं कुणी समजू नये. तिची दया घेण्यापेक्षा चूक कबूल करणं सोपं होतं, एवढंच.

सरांनी दुरुस्ती तिच्याकडेच दिली. तिनं प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळं खातं दिलं. वजनाचा प्रोग्रॅम वजनाच्या खात्यावर, बिलांचा बिलांच्या. प्रत्येकाला मेमरीची हद्द. हद्द ओलांडली तर तेवढंच काम बंद होऊन पुन्हा सुरू होईल, शेजाऱ्याला धक्का नाही. मी विचारलं, एवढा उपद्व्याप कशाला, बंद-चालू केलं की भागतंय. ती म्हणाली, "आमच्या शेडात एक माग बिघडला तर त्याचंच बटण पाडतोय. मेन पाडला तर बाकीच्यांचं कापड खराब हुतंय की." मी इतके दिवस रोज मेन पाडत होते. सर हसले. मीही हसले, कारण डिस्पॅचचा क्लार्क दारात उभा होता.

मग ती माझ्या राखणदारापाशी आली.

राखणदार हा मी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम. तो सर्व्हरवर पाळत ठेवायचा, भार वाढला की माझ्या फोनवर निरोप धाडायचा आणि फारच वाढला तर समोर येईल त्या प्रोसेसला ठार करायचा. तोही रूटच्या नावानंच चालायचा. या कारखान्यात मी शून्यातून उभी केलेली ती एकच गोष्ट. तिनं तो सगळा वाचला, चांगला लिहिलाय म्हणाली आणि मग विचारलं, "ताई, ह्याला रूट कशाला? ह्यानं नुसतं बघायचं न्हवं? बघणाऱ्याला हात कशाला?"

मी तिच्याशी जोरात वाद घातला. तांत्रिक मुद्दे काढले, त्यातले दोन बरेही होते. ती ऐकत राहिली. मला आतून कळत होतं की ती बरोबर आहे, आणि त्याहून वाईट हे, की तिचं वाक्य मला घरचं वाटत होतं. पहारेकऱ्यानं पहारा द्यावा, न्यायनिवाडा करू नये, असं काहीतरी बाबांच्या किती पत्रकांत असेल. तिनं त्यातलं एकही वाचलेलं नव्हतं. मी सगळी वाचली होती आणि तलवार हातात देऊन राखणदार उभा केला होता. संध्याकाळी मी माझ्याच हातानं त्याला साधं खातं दिलं. आता तो फक्त बघतो आणि कळवतो.

जाण्याच्या आठवड्यात सरांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. सिनियर तू आहेस, ते मला म्हणाले, रूट तुझ्याकडे देतोय. मी काही बोलायच्या आत तीच बोलली. हळू, पण बोलली. एकीकडे नको, म्हणाली. नवा पासवर्ड पाकिटात सील करून तिजोरीत ठेवा, अडीअडचणीला दोघींच्या सहीनं उघडू. रोजच्या कामाला ताईंचं खातं वेगळं, माझं वेगळं. जेवढं काम तेवढाच अधिकार, आणि कुणी काय केलं त्याची सर्व्हरवर नोंद.

सर माझ्याकडे वळले. "तुझं काय म्हणणं? नको म्हणालीस तर ठरल्याप्रमाणं तुझ्याकडेच राहील."

मला ते हवं होतं. खोटं कशाला लिहू. एवढ्या वर्षांत मी दुसरं काही मागितलं नव्हतं. सत्ता एका हाती नको, पण तो हात माझा असेल तर चालेल, हे वाक्य मात्र कुठल्याच पत्रकात छापता येण्यासारखं नव्हतं.

"ती म्हणतेय ते बरोबर आहे," मी म्हटलं. माझा आवाज चिडलेला आला. सरांना वाटलं मला सर्दी झालीय.

जुना पासवर्ड बंद होणार ही सूचना सगळ्या विभागांसाठी लिहायचं काम माझ्याकडे आलं. लिहिणं मला येतं, तिला येत नाही, एवढं तरी शिल्लक होतं. मी घरी बसून फक्कड मजकूर केला आणि सवयीनं बाबांपुढं ठेवला. त्यांनी पेन्सिल घेऊन दोन ठिकाणी वाक्यं छाटली. मग पुन्हा वाचलं, या वेळी छाटायला नव्हे.

"ही कल्पना कुणाची?"

आमच्या दोघींची, असं म्हणता आलं असतं. थोडंफार खरंही होतं. मी तिचं नाव सांगितलं.

"मग खाली का न्हाय? खाली नाव नसलेला कागद भित्रा असतोय." त्यांनी स्वतःच्या अक्षरात ते नाव खाली लिहिलं, सुबक, कंपोझिटरच्या हातानं. पेन्सिल कानावर ठेवत म्हणाले, "रविवारी जेवायला आण की तिला. बघू तरी कशी पोरगी हाय."

माझ्या राखणदाराबद्दल मी त्यांना दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा त्यांनी बरं, बरं म्हटलं होतं.

सूचना कॅन्टीनच्या दाराशी लावली, तिच्या नावासकट. मामांनी ती उभ्यानं पूर्ण वाचली आणि म्हणाले, "आता आमास्नी बी विचारून आत यायचं म्हणा की." क्लार्क म्हणाला, झुंज काय झालीच न्हाय, तिकिटाचं पैसं परत द्या. मी जागेवर येऊन बसले. त्याच सकाळी मी सवयीनं जुना पासवर्ड टाकला आणि सर्व्हरनं मला दारातच थांबवलं.

तो रविवार गेला, त्यानंतरचाही गेला. बाबा अधूनमधून विचारतात, कधी येणार ती पोरगी. ती रोज माझ्या शेजारी बसते, डबा उघडला की आधी माझ्यापुढं सरकवते. सर्व्हर आता दुपारी झोपत नाही. मी तिला अजून जेवायला बोलावलेलं नाही.