हौसाक्काचं पासबुक

कुणाच्याही दारात गेली की हौसाक्का आधी ओरडायची, "हाय गं, जित्ती हाय अजून!" दरवर्षी तहसिलीत हयातीचा दाखला देऊन देऊन लागलेली ही सवय. निराधार योजनेचे पैसे तिला मिळत. त्यांना ती ऐटीत ‘माजा पगार’ म्हणे. त्यातून तिच्या साखरेच्या आजाराच्या गोळ्या यायच्या.

नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही. उन्हाळ्याचे तीन महिने ती तासगावात बेदाणा निवडायची. बोटांबरोबर तोंडही चाले. मुकादमाला म्हणायची, "तू मापात मारतोस, मी जिभंनं मारते. फिटंफाट!"

तो मापात मारतो म्हणूनच आम्ही मजूर संघटनेच्या पोरींनी पत्रकं छापली: बायकांची मजुरी बँकेत जमा करा. बेदाण्याच्या शेडच्या दारात सभा घेतली. अक्का मागून बोलली, "पोरी, हातातला पैसा कुनाला दिसत न्हाई. बँकंतला समद्यास्नी दिसतो."

मला ती भित्री वाटली. "अक्का, हक्काचा पैसा आहे, लपवायचा कशाला?" मी सुनावलं. मागणी मान्य झाली. आम्ही गुलाल उधळला.

पुढच्या वर्षी योजनेला लागणाऱ्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तिने तहसिलीत पासबुक दिलं. कारकुनाने हंगामातल्या एका महिन्याची मजुरी धरली आणि सरळ बाराने गुणली. हौसाक्का उत्पन्नाच्या मर्यादेबाहेर गेली. पगार बंद!

मी तिला घेऊन कचेरीत गेले. ती म्हणाली, "आवं सायेब, पावसात बेदाना वाळतो का?"

"आजी, कागदावर तुम्ही कमावत्या आहात."

"मग साखरबी कागदालाच व्हायची हुती."

कारकुनाने पुढची फाईल ओढली. गरिबी सिद्ध करायला अक्काने शेडच सोडली. काम करणाऱ्या म्हातारीला उपाशी बसवल्याशिवाय ज्यांना तिची गरज दिसत नाही, त्यांच्या योजनेला काय म्हणावं? अर्ज, चौकशी, पुन्हा अर्ज. तोवर तिने गोळ्या एक दिवसाआड केल्या, मग बंदच केल्या. मला सांगितलंही नाही. पायाची जखम चिघळली. सांगलीला दवाखान्यात नेली तेव्हा फार उशीर झाला होता.

खाटेशी बसून मी माफी मागू लागले. तिने हात उचलून थांबवलं. "तुजं मागनं बराबर हुतं गं. निस्तं मला आदी इचारायचंस."

दोन दिवसांनी ती गेली.

मजुरी बँकेतच हवी, हे मी आजही म्हणते. तीन महिन्यांचं वर्ष करणाऱ्यांशी आजही भांडते. पण पत्रक छापखान्यात देण्याआधी शेडमध्ये वाचून दाखवते, आणि मागे बसलेली बाई बोलेपर्यंत हलत नाही.