हळू हाताचं काम

आमच्या घरात घाई सगळी नवऱ्याच्या वाट्याला आली आणि सबुरी सगळी सासऱ्यांच्या. नवऱ्याचं भिवंडीत घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. इतक्या उतावळ्या माणसाने हाच धंदा का धरला, हे मला अजून कळलेलं नाही.

गेल्या वर्षी सासरे सगळीकडे वेळेआधी पोचायला लागले. गणेशपुरीहून परतताना स्टॉपवर आधीच जाऊन उभे राहायचे आणि एसटी उशिरा आली म्हणून कंडक्टरशी वाद घालायचे. सकाळी बातम्यांबरोबर लावलेलं त्यांचं चावीचं घड्याळ संध्याकाळी तासभर पुढे असायचं. आपण लावतानाच चुकतो, असं त्यांनी मनाशी धरलं. मग भांडणं थांबली. मनगटावर घड्याळ असून ते मला वेळ विचारू लागले. बाबांचं वय झालं, असं आम्ही स्वयंपाकघरात हळूच बोलायचो.

नवऱ्याने घड्याळ दोनदा साफ केलं, काही सापडेना. शेवटी त्याने जवळ होकायंत्र धरलं, तर काटा गरकन फिरला. घड्याळात चुंबकत्व शिरलं होतं. त्यामुळे आतल्या केसाएवढ्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पळत सुटतं. चुंबक आलं कुठून, तर बाबांच्या मोबाईलच्या कव्हरमधून. रात्री घड्याळ त्यावरच निजायचं. कव्हर नवऱ्यानेच हौसेने आणलेलं, याची आठवण मी त्याला अधूनमधून करून देते.

चुंबक उतरवायचं यंत्र बाजारात मिळतं, पण विकत आणेल तर तो माझा नवरा कसला. यंत्रमागाच्या मोटारींत तार भरून देणाऱ्याकडून तांब्याची तार आणली, नळाच्या पाइपच्या तुकड्यावर गुंडाळली, घरच्या विजेला लावताना मध्ये बल्ब आणि बेलचं बटण जोडलं. बटण दाबून धरायचं, घड्याळ पाइपातून सावकाश लांब न्यायचं, मगच बटण सोडायचं. एवढंच काम. पण घड्याळ आतच असताना हा बटण सोडून मोकळा. चुंबक उतरण्याऐवजी वाढलंच; होकायंत्राचा काटा आधीपेक्षा जोरात फिरला. दुसऱ्या वेळीही तेच.

"दे इकडं," सासरे म्हणाले.

नवऱ्याने बटण दाबलं, बल्ब लागला. सासऱ्यांनी घड्याळ बाहेर काढायला जेवढा वेळ लावला, तेवढ्यात माझा चहा झाला असता. हात पुरता लांब गेल्यावर ते म्हणाले, "सोर आता."

नवऱ्याने बटण सोडलं, होकायंत्र जवळ नेलं. काटा हलला नाही.

सासऱ्यांनी स्वतः एकदा घड्याळ होकायंत्राजवळ नेऊन बघितलं. "म्हंजे घड्यालच चुकत व्हतं? माजं डोकं ठिकानावर हाय?"

"हो बाबा," नवरा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कसली घाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला चहाला उशीर झाला. सासऱ्यांनी मनगट माझ्यासमोर धरलं. "आता उशीर तुजा हाय, पोरी. माजा न्हाय."

बोलणी खाऊन इतका आनंद मला कधी झाला नव्हता. डोळे पुसले आणि आधण ठेवलं.