जीव खाणारी आते

माझ्या आतेइतके प्रश्न विचारणारं माणूस मी उभ्या जन्मात दुसरं पाहिलं नाही. प्रश्न तरी कसले? हातात दोन नारळ घेऊन माझ्यासमोर उभी राहायची. दोन्ही एकाच माडाचे, एकाच दिवशी पाडलेले, अगदी सारखे. आणि विचारायची, यातला कुठला फोडू? कुठलाही फोड म्हटलं तर तिला चालत नसे. "माका काय कळता, तू सांग," हे तिचं ठरलेलं. साठीला आलेली बाई, पन्नास माणसांचा स्वयंपाक एकहाती करणारी, आणि म्हणे हिला काय कळतं.

माझी आई श्रावणात विषमज्वराने गेली तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. बाबा मुंबईला नोकरीत. पावसाळ्यात आगबोट बंद, म्हणून ते घाटातून येष्टीने तिसऱ्या दिवशी पोचले. तेरावा उरकून परत जाताना ते आतेला आमच्या तारकर्लीच्या घरी ठेवून गेले. ती त्यांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा झालेली. आजवर ज्याच्या घरी बाळंतपण किंवा आजारपण असेल त्याच्याकडे तिची रवानगी व्हायची, तशी ती आता माझ्याकडे आली.

मी तेव्हा बोलणं सोडलं होतं. शाळा सोडली होती, जेवणही जवळजवळ सोडलं होतं. दिवसभर मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मला एवढंच हवं होतं की कुणी माझ्याकडे बघू नये. आणि नेमकी ही बाई उशाशी येऊन बसायची. आज काय करू? पहिल्या दिवशी मी उत्तर दिलं नाही. तिने चूल पेटवलीच नाही. दुपार टळली तरी माझ्याशेजारी उपाशी बसून सुपारी कातरत राहिली. शेवटी तिचा तो अडकित्ता असह्य होऊन मी 'पेज' म्हणाले. पंधरवड्यात तोंडातून निघालेला तो माझा पहिला शब्द. बरं, तेवढ्यावर थांबेल तर ती आते कसली? पातळ की घट्ट, वर तूप की खोबरं, सोबत लोणचं की सुका बांगडा, अशी सरबत्तीच सुरू झाली.

कार्तिकात एकदा चिडून मी मुद्दाम फणस मागितला. कार्तिकात फणस कुठून येणार? आते छत्री घेऊन बाहेर पडली ती दिवेलागणीला परतली. दारोदार फिरून तिने फणस मागितला होता. सगळ्या गावाने तिला वेड्यात काढलं असणार. पाय धुता धुता म्हणाली, फणस कुठे मिळाला नाही, पण एकीकडे उन्हाळ्यातली साटं शिल्लक होती. आणि फणसाच्या त्या वाळवलेल्या पोळ्या तिने माझ्यापुढे ठेवल्या. मला लाज वाटली, आणि लाज वाटायला लावल्याबद्दल तिचा आणखी राग आला. साटं मात्र मी सगळी खाल्ली.

पण एक दिवस माझा बांध फुटला. आते बांगड्यांचं तिखलं करत होती. वाटणाचा वास आला आणि आई आत चुलीशी आहे असं क्षणभर वाटून गेलं. मी धावत गेले. आई नव्हती. मी तिथेच खाली बसले आणि म्हणाले, "माका जेवूचां नाय. माका जगूचांच नाय."

दुसरी कुणी असती तर गळा काढून रडली असती, नाहीतर देवाचं नाव घेतलं असतं. आतेने हातातली पळी ठेवली, माझ्याकडे नीट पाहिलं.

"बरां. तां मगे बघूया. तिरफळां किती घालू तां सांग."

मी संतापाने किंचाळले, "सात!" आई सातच घालायची, मोजून. ते मला ठाऊक आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मग मी जी रडू लागले ती थांबेचना. आई गेल्यावर मी रडलेच नव्हते. आतेने एका हाताने मला धरलं आणि दुसऱ्या हाताने सात तिरफळं मोजून टाकली.

पुढच्या सोमवारी मी मालवणला शाळेत गेले. खरं सांगायचं तर निम्मं कारण हे, की तेवढा वेळ तरी तिचे प्रश्न चुकतील.

मे महिन्यात बाबा आले ते स्थळ घेऊन. मुलगा वैभववाडीकडचा, घरचं दुकान. आई गेली त्याच्या वर्षाच्या आत लग्न करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही आपल्याकडची रीत. चुलतकाका आणि भावकीतले दोघे ओटीवर बसले आणि श्रावणाआधीचा मुहूर्त शोधू लागले. मी दाराआड उभी होते. आते चहा घेऊन गेली. कप ठेवता ठेवता तिने बाबांना विचारलं, "तिका इचारलंस?"

बाबांनी मला बाहेर बोलावलं. मी आशेने आतेकडे पाहिलं. वाटलं, आता तरी ही माझ्या बाजूने दोन शब्द बोलेल. कसलं काय! "माझ्याकडे काय बघतंस? माका काय कळता," म्हणाली आणि ट्रे घेऊन उभीच राहिली. तिथल्या तिथे तिचा गळा धरावासा वाटला.

पण आठ महिने रोज उठून उत्तरं द्यायची जिभेला सवय झाली होती. "माका अकरावी करूची आसा," मी म्हणाले. काका उखडले. बाबा मात्र म्हणाले, थांबूया तीन वर्षं.

मी अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, झाले, मास्तरीण झाले, लग्नही माझ्या पसंतीने केलं. आते शेवटपर्यंत आमच्याकडेच होती आणि शेवटपर्यंत तिने माझा जीव खाल्ला. एका पौषात, दोन दिवसांच्या तापाने ती गेली.

बाराव्याला स्वयंपाकाला आलेल्या बाईंनी मला विचारलं, पानावर आतेच्या आवडीचं काय वाढायचं? मला सांगता येईना. मी बाबांकडे गेले. त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग त्यांनी सांगितलं, की आतेचा नवरा गेला तेव्हा ती तेरा वर्षांची होती. तिने कुठे राहायचं, काय ल्यायचं, काय खायचं, सगळं वडीलधाऱ्यांनी एका बैठकीत ठरवलं. ती तिथेच कोपऱ्यात होती. "कोणी तिका इचारूक नाय. मी पण थंयच बसललो, मी पण इचारूक नाय."

शेवटी मला आवडणारं तेच सगळं करून पान वाढलं. पान बाहेर ठेवलं मात्र, कावळा लगेच शिवला. सगळ्यांनी हात जोडले, म्हणाले, आते तृप्त होऊन गेली. मला मात्र तिचा असा संताप आला की रडू आवरेना. निदान त्या दिवशी तरी तिने आम्हांला अडवून धरायचं होतं.