पेडलवरचा पाय

मिस्त्रींच्या गॅरेजात पुढच्या चाकाचं काम निघालं की त्याचा शेवट काकूंच्या पायाने व्हायचा. बेअरिंग आणि हब बदलून झाला की मधला मोठा नट आवळायचा असतो. त्यासाठी गाडी जॅकवरून उतरवून चाक जमिनीला टेकवावं लागतं आणि कुणालातरी आत बसून ब्रेक गच्च दाबून धरावा लागतो. ते कुणीतरी म्हणजे लग्न झाल्यापासून काकू. मिस्त्री "दाब" म्हणत, की काकू हातातलं टाकून मागच्या घरातून येत, सीटवर बसत, ब्रेक घट्ट लागावा म्हणून गाडी सुरू करत आणि "दाबलाय" म्हणत. मग मिस्त्री पान्याला लांब पाइप लावून सगळं अंग टाकत, नट पुन्हा सैल होऊ नये म्हणून त्याची कड ठोकून खाचेत बसवत आणि शेवटी म्हणत, "सोड." हाताखाली पोरगा ठेवा असं लोक सुचवत. मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं होतं, "पोरगा दाबलाय म्हणतो आणि मोबाइल बघत बसतो. हिचा पाय म्हणजे पाय."

तर असा हा माणूस एका सकाळी बायकोवर रुसून बसला. कारण म्हटलं तर काहीच नाही. काकू एका गिऱ्हाइकासमोर हसत म्हणाल्या, "यांना काही लक्षात ठेवायला सांगू नका हो, चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधतात." गिऱ्हाईक खो खो हसलं. मिस्त्रींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि त्यांनी अबोला धरला. काकूंनीही मग, धरताय तर धरा, म्हणून तोंडाला कुलूप लावलं.

त्या दिवशी गॅरेजात नेमकी लेकीची गाडी होती. पुढचं डावं चाक चालताना घूं घूं आवाज करत होतं. मिस्त्रींनी जुना हब ठोकून काढला, नवं बेअरिंग बसवलं, चाक चढवलं, गाडी खाली घेतली. मधला नट नुसता हाताने फिरवून ठेवला होता. आता "दाब" म्हणायचं. पण आधी बोलणार कोण? ‘हातोडा थांबलेला ऐकू येतोय तिला,’ मिस्त्री मनात म्हणाले, ‘येईल आपली आपण.’ आणि ते मोरीवर हात धुवायला गेले.

थोड्या वेळाने गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. आल्या बाईसाहेब! मिस्त्रींना भारी बरं वाटलं. बसू दे जरा वाट बघत, म्हणून त्यांनी नळ मोठा सोडून नखांतलं ग्रीससुद्धा सावकाश काढलं.

बाहेर आले तर गाडीची जागा रिकामी. आणि काकू मागच्या दारात उभ्या, ओले हात पदराला पुसत.

"गाडी?" अबोला मिस्त्रींनीच मोडला.

"पोरगी घेऊन गेली ना. बाळाला घेऊन आली, गाडी खाली उतरवलेली बघून झाली वाटतं म्हणाली आणि मला दारातूनच निघते म्हणाली. मला वाटलं, आज दुसऱ्या कुणाला बसवलंत ब्रेकवर." काकूंनी नवऱ्याचा चेहरा बघितला. "नट?"

"हातानेच आहे."

काकूंना आणखी काही सांगावं लागलं नाही. त्या पळत जाऊन गॅरेजच्या टेम्पोत बसल्या.

मिस्त्रींनी फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना माझा जरी फोन आला तरी उचलायचा नाही, ही त्यांचीच शिकवण, आणि आज तीच त्यांच्या मुळावर आली होती. त्यांनी फोन काकूंच्या मांडीवर टाकला आणि टेम्पो हाणला. काकू स्वतःच्या फोनवरून लावत राहिल्या.

मिस्त्रींना भीती वाटत होती, आणि ती अडाण्याची भीती नव्हती. पुढे काय होणार ते त्यांना आट्याआट्याने माहीत होतं. आधी टकटक. मग स्टेअरिंग थरथरणार. मग बेअरिंग उघडं पडणार आणि चाक बाहेरच्या अंगाला कलणार. लेकीच्या घरी जाताना मोठा उतार होता, खाली पूल, आणि उतारावर सगळे ब्रेक मारतात. शेजारून मालाचे ट्रक जातात. बाळाची खुर्ची मागे डाव्या बाजूला, बरोबर त्याच चाकामागे, मिस्त्रींनी स्वतःच बसवलेली.

"मला हाक का नाही मारलीत?" काकूंचा आवाज फुटला.

"तू का नाही आलीस?"

समोर रस्त्याकडेला एक चाक पडलेलं दिसलं आणि काकूंनी मिस्त्रींचा दंड धरला. पंक्चरवाल्याची पाटी होती ती.

उताराच्या तोंडाशीच लेकीची गाडी कडेला उभी होती. लेक बाहेर, बाळ कडेवर, फोन कानाला. यांना बघून तीच रडायला लागली. "काय झालं तुम्हाला? तुमचा फोन आला, तो नाही उचलला. लगेच आईचा. एकाच घरातून दोघं वेगवेगळे फोन कधी करता का तुम्ही? म्हटलं, दोघांपैकी कुणाचं तरी काहीतरी झालं."

मिस्त्री चाकापाशी गुडघ्यावर बसले. नट शेवटच्या आट्यांवर आला होता. एका बोटाने ढकलला तर तो फिरला.

"हे बेअरिंग आता भंगारात," ते कसेबसे म्हणाले. "परत दुसरं घालतो. निघताना बाळ आईकडे दे आणि टेम्पो तू आण. ही गाडी मी हळूहळू गॅरेजात नेतो." त्यांनी टेम्पोतून पाना आणि पाइप आणला. पाना नटावर बसेना. दोन्ही हातांनी धरून कसाबसा बसवला.

"दाब," ते म्हणाले.

काकू आधीच सीटवर बसल्या होत्या. "दाबलाय."

मिस्त्रींनी सगळं अंग टाकलं. नट आवळला, कड ठोकली, पुन्हा ठोकली. मग ते तिथेच रस्त्यावर चाकाला टेकून बसले.

"सोड," ते म्हणाले. काकूंचा पाय पेडलवरच राहिला. "अगं, सोड. झालं."

"नाही सुटत हो," काकू म्हणाल्या.

मिस्त्री उठले, दारातून आत वाकले आणि दोन्ही हातांनी त्यांनी बायकोचा पाय पेडलवरून उचलून खाली ठेवला.